हळू आवाजातलं इंग्रजी

"स्टँड अप," मी म्हणाले.

"स्टँड अप!" वर्गातली सगळी मुलं एका सुरात ओरडली आणि जागची हलली नाहीत.

"नो, नो. स्टँड अप."

"नो नो स्टँड अप!"

"डोन्ट रिपीट!" म्हणजे माझ्यामागून म्हणू नका.

"डोन्ट रिपीट!"

दारात हेडमास्तर उभे होते. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि टोपी परत घातली. "बाई, आवाज तर लई झकास हाय पोरांचा," ते म्हणाले. "पर समजतं का काय त्यायला?"

समजत नव्हतं, आणि ते मलाही ठाऊक होतं. मुरुम गावच्या त्या शाळेत मी आले त्याला चार महिने होत आले होते. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरची ती वर्षं. जुनी उर्दूची शाळा जाऊन मराठीची झाली होती, आणि चौथीपासून इंग्रजी शिकवून बघावं असं संस्थेच्या मनात आलं होतं. त्यासाठी सोलापूरहून मला आणलं, तेही एका वर्षाच्या बोलीवर. वर्षाच्या आत डेप्युटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, येऊन वर्ग बघणार होते. त्यांना पसंत पडला तर वर्ग चालू, नाहीतर वर्ग बंद आणि माझी नोकरीही बंद. सोलापूरला आई एकटी होती आणि तिचं घर माझ्या पगारावर चालत होतं. त्यामुळे 'बघू या काय होतं' असं म्हणायची मला सोय नव्हती.

ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला 'स्ट्रक्चर' शिकवलं होतं. स्ट्रक्चर म्हणजे वाक्याचा साचा. 'धिस इज अ बुक' हा एक साचा. त्यात पुस्तकाच्या जागी पेन घालायचं, टेबल घालायचं, आणि मुलांकडून घोकून घ्यायचं. मी रंगीत तक्ते केले, टाचणं काढली, घसा बसेपर्यंत घोकून घेतलं. मुलांना शंभरेक शब्द आले. पण त्या शब्दांनी काही काम होतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. इंग्रजी म्हणजे बाईंच्या मागे ओरडायची गोष्ट, एवढंच त्यांना कळलं होतं.

मी एका लिंगायत व्यापाऱ्याच्या घरी खोली घेऊन राहत होते. घरमालकांना सगळे अप्पा म्हणत. घरात बोलणं कानडी, दुकानात मराठी. त्यांची आठ वर्षांची महानंदा माझ्याच वर्गात होती. दिवाळीनंतर एका दुपारी अप्पा जेवून उठले आणि बायकोला हलक्या आवाजात म्हणाले, "डब्बा जवारी की कोठी के पिच्छे रख. पोट्टी को बोलू नक्को."

मी सोलापूरची. मला यातलं अर्धंच कळलं. शेजारी महानंदा सागरगोटे खेळत होती. मान वर न करता ती हळूच मला म्हणाली, "लाडवाचा डबा ज्वारीच्या कोठीमागं ठिवायलेत. मला सांगायचं न्हाई म्हनं."

"तुला उर्दू कुणी शिकवली गं?"

"कुनीच न्हाई. अप्पा आन् अव्वा काय तरी लपवायचं असलं की तसं बोलतेत." मग घाईनं म्हणाली, "बाई, त्यायला सांगू नका हां. न्हाईतर दुसरंच कायतरी बोलतीन."

त्या पोरीला मी चार महिने तक्ते दाखवत होते! तिला कुणी तक्ता न दाखवता, छडी न उगारता, एक अख्खी भाषा आली होती. का आली? तर तिच्यापासून ती लपवली म्हणून. मला इतका राग आला, स्वतःचाच, की दुसऱ्या दिवशी सगळे तक्ते गुंडाळून मी कपाटावर टाकले.

इंग्रजीही असंच मुलांपासून लपवून बघायचं ठरवलं. त्याला जोडीदार हवा होता. आमच्या शाळेत सय्यद मास्तर होते. हैदराबादेत शिकलेले, इंग्रजी उत्तम. पण उर्दूचे वर्ग बंद झाल्यापासून त्यांच्याकडे चित्रकला आणि हजेरीचे तक्ते एवढंच उरलं होतं. मी बेत सांगितला तसे ते खुर्चीतच ताठ बसले.

"म्हणजे मी रोज येऊन तुमच्याशी इंग्रजीत गप्पा मारायच्या?"

"गप्पा नाही, गुपितं. हळू आवाजात. मुलांकडे पाठ करून."

"अहो बाई, दहा साल झाली, इंग्रजी बोलायला इथं भिंतीशिवाय कुणी मिळालं न्हाई मला. आजच येतो की!"

त्या वर्गाचं गणितही माझ्याकडेच होतं. तो तास चालू असताना मास्तर दारात आले. मी जवळ गेले. ते पुटपुटले, "द ग्राउंडनट्स आर बिहाइंड द मॅप." शेंगा नकाशामागे आहेत. मी म्हटलं, "डोन्ट टेल एनीवन." कुणाला सांगू नका. आणि गणित पुढे चालू केलं.

पहिल्या दिवशी शेंगा तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर आले, तर नकाशा तिरका झाला होता आणि वर्गात टरफलं. मग आम्ही बोरं खोक्यात ठेवली, गूळ टेबलाखाली ठेवला, कधी मास्तर नुसतंच सांगत की आज शेवटच्या तासाला खेळ आहे. खेळाची बातमी मी जाहीर करायच्या आत मुलं दप्तरं आवरून बसलेली असत! हेडमास्तर मात्र वैतागले.

"चोऱ्या करायला शिकवायलात काय, बाई?"

"सापडलं ते त्यांचं, असं ठरलंय, सर."

"आन् हे गप का बसलेत सगळे? आधी निदान वरडत तरी होते."

वर्ग खरंच गप्प झाला होता. गुपित कुणी ओरडून म्हणत नाही, त्यामुळे माझ्यामागून घोकणं आपोआप बंद पडलं. मला तर हायसं वाटलं. एकदा मी महानंदाला विचारलं, "शेंगा कुठं गेल्या गं?" तर डोळे मोठे करून म्हणाली, "ठाऊक न्हाई, बाई," आणि ओठाला टरफल चिकटलेलं. मी हसले आणि विषय सोडून दिला. तिथंच मी चुकले.

माघात डेप्युटीसाहेब आले. कोट घातलेले, घाईत असलेले. त्यांनी खिशातली पेन्सिल उंच धरली.

"व्हॉट इज धिस?"

वर्ग चिडीचूप.

"व्हेअर इज द टेबल?"

कुणी हूं की चूं करेना. मुलांचे चेहरे असे कोरे, की जन्मात टेबल पाहिलं नसावं. आणि मला एकदम उमगलं की हा तोच चेहरा आहे, 'ठाऊक न्हाई, बाई'वाला. कळतंय हे दाखवलं की गंमत संपते, मोठी माणसं दुसरंच काही बोलायला लागतात, हे या मुलांना पक्कं माहीत होतं. लपवायला मीच शिकवलं होतं त्यांना.

साहेबांनी पेन्सिल खिशात ठेवली. मुलांकडे पाठ केली आणि हेडमास्तरांना हळू आवाजात म्हणाले, "धिस क्लास इज युसलेस. क्लोज इट. द लेडी मे गो आफ्टर द एक्झामिनेशन. डू नॉट टेल द चिल्ड्रन." वर्ग बंद करा, परीक्षेनंतर बाईंना जाऊ द्या, मुलांना सांगू नका. मी तिथंच उभी होते, पण माझी त्यांना पर्वा नसावी.

हेडमास्तर मान डोलवणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"नो, सर."

महानंदा उभी होती. कान लाल झालेले, परकराचा काठ मुठीत धरलेला.

"डू नॉट क्लोज," ती म्हणाली. "बाई इज गुड. डू नॉट गो, बाई."

साहेब गर्रकन वळले. 'डू नॉट' हे मी शिकवलंच नव्हतं. माझं आणि मास्तरांचं नेहमी 'डोन्ट' असे. ते तिनं साहेबांच्याच तोंडून उचललं होतं आणि त्यांच्यावरच फिरवलं होतं! पाठोपाठ चौघं-पाचजण उठले आणि "नो क्लोज, सर," असा गलका झाला.

साहेब हुशार माणूस. त्यांनी हात वर करून सगळ्यांना खाली बसवलं, हेडमास्तरांना दाराशी नेलं आणि पुन्हा पाठ करून कुजबुजले, "द बॉय निअर द विंडो हॅज अ होल इन हिज कॅप."

खिडकीजवळच्या बसवानं टोपी काढली, भोकातून बोट घातलं आणि खजील होऊन टोपी मांडीखाली दडवली. सगळा वर्ग खो खो हसला. साहेबही हसले. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि अर्धा तास त्या मुलांशी इंग्रजीत बोलत बसले, कुजबुजत. आवाज चढवला की मुलं गप्प, उतरवला की बोलती! वाक्यं मोडकी, पण प्रत्येकाची स्वतःची. दारात सय्यद मास्तर उभे होते. ते रुमालानं चष्मा पुसत होते. मीही रडले, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

जाताना साहेबांनी शेरेबुक मागवलं. तपासणीचं मत ज्यात लिहितात ते हे पुस्तक. त्यात त्यांनी लिहिलं: 'इंग्रजीचा वर्ग चालू ठेवावा. बाईंना कायम करावं. या वर्गासमोर अधिकाऱ्यांनी जपून बोलावं.' शेवटचं वाक्य वाचून हेडमास्तरांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "बाई, आजपासून तुमच्या वर्गासमोर मी तोंडच उघडनार न्हाई."

पुढे मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. गुपितं ठेवली, पण आठवड्यातून एक दिवस ती फोडायचाही ठेवला. मुलांना भाषा द्यायची असेल तर आधी त्यांना हवीशी वाटेल असं काहीतरी त्या भाषेत ठेवावं लागतं. बाकीचं ती शोधून काढतात.

तपासणीच्या त्या संध्याकाळी अप्पांच्या घरी मी सगळी हकिगत सांगितली आणि बोलता बोलता महानंदाचं उर्दूचं गुपितही फोडलं. अप्पांनी महानंदाकडे बघून कपाळाला हात लावला. "कानडी गेली, मराठी गेली, उर्दू गेली, आता इंग्रजीबी गेली," ते म्हणाले. "आता आमी बोलावं तरी कशात?" मग ते उठले, कोठीमागचा लाडवाचा डबा काढला आणि तिच्या पुढ्यात ठेवला.