बापूजींचं खत आणि सखूबाईची खळ

बापूजी आणि बाबूलाल गवळ्याची म्हैस यांची पहिली भेट एकोणीसशे पंचावन्न साली उमरेड रोडवर झाली, आणि त्या दिवशी नागपुरात दुसरं काही घडलंच नाही. बापूजींच्या डोक्यावर हिरव्या ज्वारीचा एवढा भारा होता, की लांबून पाहणाऱ्याला शेतच फिरायला निघालंय असं वाटावं. म्हैस म्हणजे हत्तीची थोरली बहीण. तिनं भारा हुंगला, फुर्र केलं, आणि बापूजींच्या कडक खळीच्या धोतराचा सोगा तोंडात धरून शांतपणे चघळायला घेतला. भारा आणि अब्रू दोन्ही सांभाळायला माणसाला हात दोनच. बापूजींनी भारा सांभाळला.

बापूजी कोष्टी, घरचा धंदा विणकामाचा. पण मागाच्या खड्ड्यात पाय सोडून जन्म काढायचा नाही, हा त्यांचा पण होता. त्यांनी मेव्हण्याचं वावर करायला घेतलं. शेती खात्याच्या साहेबानं पांढरं सरकारी खत एकदा टाकायला सांगितलं. बापूजींनी तीनदा टाकलं. ज्वारी माजली. कापायची वेळ टळून गेली तरी ते रोज लुगडं मोजावं तशी ती हातानं मोजत. नऊ हात भरल्याशिवाय विळा लावायचा नाही म्हणे! तोवर ताटांचे बांबू झाले.

तो भारा पाहून बाबूलाल म्हणाला, "म्हशीनं खाल्लं अन् दूध टिकलं, तं सालभर तुमचाच चारा घेतो. नाई तं मांडव घाला त्याचा."

हा सौदा बसला, की माग कायमचा सुटणार होता.

बायकोनं, सखूबाईनं, चघळलेला सोगा पाहिला. "म्हशीले चारा नाई आवडला, धोतर आवडलं?"

"हो."

"मंग धोतरात काय हाय, त्याचा इचार करा नं जी!"

तिनं ताटं बारीक चिरली, सुताला लावून उरलेली ज्वारीच्या पिठाची खळ वर ओतली, मूठभर मीठ टाकलं आणि टोपलं बाबूलालच्या गोठ्यात पाठवलं. म्हशीनं टोपलं चाटून लख्ख केलं. दूध नुसतं टिकलं नाही, चांगलं वाढलं.

ही बातमी लागताच साहेब जीपमधून हार घेऊन आले. "बापूजी, ही किमया कशाची?"

"खताची, साहेब!"

मागे सखूबाई वाफाळत्या खळीचं पातेलं घेऊन उभी. "अन् मंग ह्या गंजात काय हाय?"

"चहाचं आधण हाय थे!" बापूजी ओरडले. साहेब बिचारे चहाची वाट पाहत बसले, आणि बसल्या बसल्या 'प्रगतिशील शेतकरी' या विषयावर लांबलचक बोलले. ते भाषण बापूजींनी इतकं मनावर घेतलं, की किमया खताचीच, यावर त्यांचाही विश्वास बसला.

"आता खळ बंद," त्यांनी फर्मान काढलं. "लोक म्हनतीन, कोष्ट्यानं म्हैस बी मागावर बसवली."

"पन खाईन काय थे?"

"खताचा चारा."

म्हशीनं त्याला तोंड लावलं नाही. दूध आटलं, तसा बाबूलाल धावत आला. "काहून जी, म्हशीले उपास हाय का?"

एक शब्द बोलायचा होता, तोही दोन अक्षरांचा. बापूजींनी खुंटीवरच्या सुकलेल्या हाराकडे पाहिलं.

"साहेबानं पास केलेला चारा हाय, गा. तुही म्हैसच अडाणी हाय."

दिवाळीनंतर बापूजी मागावर बसले. बाबूलाल चारा दुसऱ्याकडून घेतो, आणि खळ सखूबाईकडून.