मधाच्या रंगाची काच

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या आमच्या इनिसफेल गावात नेव्हिओ ट्रेविझानने पंचेचाळीस वर्षं खिडक्यांना काचा बसवल्या. उसाच्या मळ्यात राबायला आलेल्या इटालियन माणसाचा हा मुलगा. बोलायला फटकळ, मापाला काटेकोर. इथल्या लाकडी घरांचा एकही कोपरा काटकोनात नसतो, म्हणून प्रत्येक चौकट तो तीन ठिकाणी मोजायचा आणि सर्वांत लहान मापातून पावसाळ्यात लाकूड फुगेल तेवढं वजा करायचा.

१९८७ च्या ऑगस्टात, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यात, माझी शेजारीण डल्सी मॅग्वायर हिच्या व्हरांड्यातली एक काच फुटली. तिच्या दिवंगत नवऱ्याने हौसेने सहा खिडक्यांना मधाच्या रंगाच्या काचा लावल्या होत्या. तशी काच आता कुठे बनत नव्हती.

लेक मॉरीन म्हणाली, "आई, ही जुळली नाही तर सगळ्याच काढून अॅल्युमिनियमच्या खिडक्या लावू. सोमवारी माणूस येतोय."

नेव्हिओकडे तसला एकच तुकडा उरला होता, जेमतेम मापाचा. शनिवारी त्याने तो उन्हात कोमट केला, डल्सीच्या टेबलावर घोंगडी अंथरून ठेवला, काच कापायच्या चाकाला रॉकेल लावलं. पट्टीचं टोक मी धरलं.

रेघ सर्र करत निघाली. मध्येच चार बोटं अंतरात आवाज आला नाही.

"चाक उचललं गेलं," नेव्हिओ म्हणाला.

"मग फिरव की पुन्हा तिथेच!" डल्सी म्हणाली.

"तीच रेघ दुसऱ्यांदा ओढली की काच वाटेल तिकडे तडकते. असं करणारा एक तर शिकाऊ, नाही तर गाढव. मी शिकाऊ नाही."

"बाकीचं मी बोलत नाही," डल्सी पुटपुटली.

तो हसला नाही. पट्टी इंचभर आत सरकवली. "धरा बाई. श्वाससुद्धा घेऊ नका."

या वेळी आवाज कुठे तुटला नाही. खालून हलकेच टकटक केल्यावर काच सरळ सुटली. पण इंचभर अरुंद.

"आता रे?" डल्सी रडवेली झाली होती.

"काच वाढवता येत नाही. चौकट भरता येते."

रविवारी त्याने चर्च चुकवलं आणि चौकटीत दोन्ही बाजूंनी अर्ध्या अर्ध्या इंचाच्या लाकडी पट्ट्या बसवून काच पुट्टीने पक्की केली.

सोमवारी मॉरीन बराच वेळ खिडक्या बघत उभी राहिली. "ही जरा अरुंद दिसते."

"तुझ्या बापाच्या हातच्या तरी कुठे सारख्या आहेत?" डल्सी म्हणाली.

मॉरीनने फोन उचलला आणि त्या माणसाला येऊ नका म्हणून सांगितलं.

काच बघायला आलेला नेव्हिओ निघताना पायऱ्यांवरून ओरडला, "पुट्टी दहा दिवस ओली असेल. बोट लावून बघू नका, तिघीही!"