कॅमेरा माझ्या हातात आला तो दिवस

देवळात उभं राहून दुसऱ्या बाईच्या हातांचा विचार करणं हे काही भक्तीचं लक्षण नाही. पण त्या गुरुवारी मी तेच करत होते. माझं घर सुकापूरला. दर गुरुवारी रुग्णालयात जाण्याआधी पनवेलच्या बाजारातल्या दत्ताच्या देवळात डोकावायचं, हात जोडायचे आणि निघायचं, हा माझा जुना क्रम. मी सर्जन आहे. देवाशीही माझं बोलणं थोडक्यात असतं. दृष्टांत, साक्षात्कार यांच्या वाटेला मी कधी गेले नाही. त्या दिवशी मात्र मूर्तीसमोर एकच प्रश्न मनात घोळत होता. असे हात तिला का दिलेस? मला का नाही?

ती म्हणजे डॉक्टर रुखसाना. पनवेलचीच, कोकणी मुसलमान घरातली. वडील आखातात नोकरीला होते. माझ्या हाताखाली शिकायला आली आणि बघता बघता दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांत माझ्यापुढे गेली. या शस्त्रक्रियेत पोट उघडत नाहीत. बारीक छिद्रांतून लांब दांड्यांची हत्यारं आत घालायची आणि कॅमेरा जे दाखवील ते पडद्यावर बघत काम करायचं. हात डावीकडे नेला की हत्याराचं टोक उजवीकडे जातं. आमच्या पिढीने पोट उघडून, बोटांनी चाचपून सर्जरी शिकली. हे उलटं गणित मी उशिरा शिकले आणि घाम गाळून शिकले. रुखसानाला ते जणू जन्मापासून येत होतं.

जन्मापासून वगैरे काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे तेव्हा एक संशोधन चालू होतं. शिकाऊ डॉक्टरांनी रुग्णाला हात लावण्याआधी बंद डब्यात हत्यारं घालून सराव केला, तर त्यांच्या हातात खरंच फरक पडतो का, हे तपासायचं होतं. डब्यात कडधान्याचे दाणे या वाटीतून त्या वाटीत टाकायचे, स्पंजला टाके घालायचे. रुखसानाने तसा डबा घरीच करून घेतला होता. कुणी कौतुक केलं की म्हणायची, "कसले हात नि कसलं काय! जेवण झालं की राजमा हलवत बसते. अम्मी म्हणते, त्यापेक्षा भिजत घाल, निदान खाता तरी येईल." सगळे हसायचे. मीही हसायचे. आतून जळायचे.

त्यात एक प्रसंग घडला. संशोधनासाठी आम्हा सगळ्यांच्या शस्त्रक्रियांची चित्रणं नावं झाकून बाहेरच्या एका परीक्षकांना दाखवली. एका चित्रणावर ते म्हणाले, "यात अनुभव दिसतो." दुसऱ्यावर म्हणाले, "या डॉक्टरांना अजून सरावाची गरज आहे." नावं उघडली तेव्हा पहिलं रुखसानाचं निघालं आणि दुसरं माझं. खोलीत कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. रुखसाना माझ्याकडे न बघता चष्मा पुसत बसली. तिची ती दया मला आजही आठवते आणि आजही आवडत नाही.

या सगळ्यानंतरचा तो गुरुवार. त्या दिवशी हिराबाई नावाच्या बाईंचं पित्ताशय काढायचं होतं. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या कातकरी वाडीतल्या त्या. नवरा-बायको वीटभट्टीवर मजुरी करत. खड्यांनी पोटात कळा येऊन बाई अगदी खंगल्या होत्या. भट्ट्या सुरू व्हायच्या आत त्यांना उभं राहायचं होतं, कारण मजूर ठरतात ते जोडीने. बायको नसली की नवऱ्यालाही काम नाही. मी तपासायला गेले तर म्हणाल्या, "मना त्या चष्मेवाल्या डाक्टरनीकडनंच करून घ्यायचा हाय. माझ्या भयनीचा तिनंच केला. चार रोजात पोरगी चुलीफुडं बसली."

"ती सुट्टीवर आहे. तिच्या बहिणीचं लग्न आहे."

"मंग मी थांबन."

"थांबायची गरज नाही, बाई. तिला मीच शिकवलंय."

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी म्हटलं ते खोटं नव्हतं. पण कळा त्या वेळी थांबलेल्या होत्या आणि आठवडाभर वाट पाहता आली असती. मला थांबायचं नव्हतं. मला दाखवायचं होतं.

शस्त्रक्रिया सुरू झाली. पित्ताशय सुजून आजूबाजूला चिकटलं होतं. पित्ताशयाला एक छोटी नळी असते. तिला क्लिपा लावून ती कापायची. तिच्या शेजारून यकृताकडून आतड्याकडे जाणारी मुख्य नळी असते. तिला धक्का लागता कामा नये. ती कापली गेली तर माणसाच्या पुढच्या आयुष्याची वाताहत होते. पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया, कावीळ, कधी मृत्यू. ओढून धरल्यावर या दोन नळ्या एका रेषेत येतात आणि मोठी ती छोटी वाटू शकते. ही चूक अडाण्याच्या हातून होत नाही, आत्मविश्वास असलेल्याच्या हातून होते, असं मी स्वतः वर्गात शिकवते. सगळं मोकळं दिसेपर्यंत क्लिप लावायची नाही, हेही शिकवते.

मला नळी दिसली. मला खात्री होती. मी क्लिप लावायचं हत्यार मागितलं आणि आत घातलं. नेमका तेव्हा पडदा धूसर झाला.

यात चमत्कार काही नाही. थंड भिंग पोटाच्या उबेत गेलं की त्यावर वाफ धरते. आमच्याकडे हे रोजचं आहे. भिंग बाहेर काढायचं, गरम पाण्यात बुडवायचं, पुसायचं, पुन्हा आत. कदम सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, थर्मासमधलं पाणी गार झालंय. दुसरं आणते."

"आधी बघता येत नाही का?"

"सकाळपासून तुम्हीच घाई लावलीय. बघायला उसंत कुठे दिलीत?"

त्या गेल्या. मी समोरच्या करड्या पडद्याकडे बघत उभी राहिले. हत्यारं आत, पण करायला काही नाही. सवयीने मनात म्हटलं, दत्तगुरू, दिसू दे. आणि म्हणताक्षणी वाटलं, दिसू दे म्हणजे काय दिसू दे? मला दिसत नव्हतं असं थोडंच होतं? मला हवं तेच दिसत होतं. हिराबाईंच्या पोटात मी नळी शोधत नव्हते, त्या परीक्षकांना उत्तर देत होते. एवढं स्वच्छ मला माझ्याबद्दल कधी कळलं नव्हतं आणि ते कळलं तेव्हा पडद्यावर काहीही दिसत नव्हतं.

सिस्टर पाणी घेऊन आल्या. माझ्या तोंडून शब्द आले, "रुखसाना येऊ शकेल का, विचारा."

ते वाक्य मी ठरवून बोलले नाही. हेव्याने भरलेलं माणूस असं वाक्य ठरवून बोलत नाही. ते कुणी वदवून घेतलं यावर मी वाद घालणार नाही.

सिस्टर म्हणाल्या, "अहो, त्या खालीच आहेत! लग्नाच्या उरलेल्या पत्रिका वाटायला आल्यात. आत्ताच जिन्यात भेटल्या."

मी क्लिपेचं हत्यार बाहेर काढलं.

रुखसाना कपडे बदलून आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत मेंदीने रंगलेले होते. त्यावर तिने हातमोजे चढवले. मी माझी जागा सोडली. दुर्बीण धरायचं काम नेहमी शिकाऊ डॉक्टरांचं. वरिष्ठाने ते करायचं नसतं, असा आमच्यातला अलिखित रिवाज. पण या दोन नळ्या नीट दाखवायला जाणते डोळे लागतात. मी कॅमेरा हातात घेतला.

"मॅडम, जरा मागे या," ती म्हणाली. "अजून. फार जवळ आहात. सगळं दाखवा ना."

मी मागे आले. तिने पित्ताशयाची मान दुसऱ्या बाजूला वळवली आणि चिकटलेला पडदा हळूहळू सोडवत गेली. तिच्या हाताला घाई नव्हती. मी छोटी समजून क्लिप लावणार होते ती नळी पडद्यावर लांब होत गेली. वर थेट यकृतात, खाली आतड्याकडे.

"मॅडम, ही ती नाही," रुखसाना हलक्या आवाजात म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. कॅमेरा मी स्थिर धरून ठेवला.

खरी छोटी नळी मागे दडलेली होती. ती सापडल्यावर तिने विचारलं, "आता तुम्ही करता?"

"तू कर."

तिने केलं, सुंदर केलं. मी तिचे हात बघत राहिले. खरं सांगते, कृतज्ञतेने डोळे भरले असतानासुद्धा हेवा वाटत होता. दोन्ही एकाच वेळी एकाच छातीत मावतात, हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हिराबाई उठून बसल्या होत्या. "चष्मेवालीनंच केला ना?"

"हो. मी चुकत होते, म्हणून तिला बोलावलं."

"मंग तू काय केलंस?"

"मी बॅटरी धरून उभी होते."

त्या इतक्या हसल्या की पोटाला हात लावून "आई गं" म्हणाल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "अंधारात बॅटरी धरनारा पन लागतो, बाय." त्या वेळेत बऱ्या झाल्या आणि नवऱ्याबरोबर भट्टीवर गेल्या.

त्यानंतरच्या बैठकीत मी ते चित्रण स्वतःहून लावलं. या वेळी नाव झाकलं नाही. पडदा धूसर होतो तिथे थांबवलं आणि शिकणाऱ्यांना सांगितलं, की यापुढच्या क्षणी मी एका बाईचं आयुष्य कापणार होते. एका मुलीने हात वर केला. "पण मॅडम, भिंग पुसून झाल्यावर तुम्ही पुढे का गेला नाहीत? तुम्हाला तर खात्री होती."

खरं उत्तर त्या खोलीत चाललं नसतं. "शंका आली की हात मागे घ्यायचा," एवढंच सांगितलं. पण ती शंका मला आपणहून आली नव्हती. मला थांबवलं गेलं होतं. आजवर मी देवाकडे हात मागितले, यश मागितलं, दुसरीपेक्षा थोडं जास्त मागितलं. त्याने यातलं काहीच दिलं नाही. हेवाही काढून घेतला नाही. रुखसाना उत्तम टाका घालते तेव्हा तो अजून डोकं वर काढतो. त्याने फक्त जरा वेळ माझ्यासमोर काही दिसू दिलं नाही. त्याबद्दल मी आयुष्यभर त्याच्या पायाशी आहे.