मनुबाईची बाटली

मनुबाईचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. जावई हसला तरी तिला त्यात काहीतरी दिसे. विश्वास होता तो नवऱ्याच्या फौजेतल्या पाण्याच्या बाटलीवर. "परक्या हातचं पाणी पिऊ नगंस," असं तो सांगून गेला होता. घरात फिल्टर आला तेव्हा ती जास्तच बिथरली. पाण्यात काय घालतात, कुणी बघितलंय? ती उसाकडच्या विहिरीवरून स्वतः बाटली भरून आणी. घासायला मात्र कुणाला देत नसे. तिला त्याचं तोंड लागलेलं होतं ना.

मग पोटात मुरडा उठला, रक्त पडू लागलं, आणि मनुबाईनं सुनेवर डोळा ठेवला. उत्कर्षानं पेज आणली की, "आधी तू खा." बिचारी गुमान एक घास खाई.

फलटणच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सुनेला हळूच म्हणाले, "डिसेंट्री." मनुबाईच्या कानांनी तेवढंच टिपलं. दोघं मिळून काहीतरी लपवतात, हे पक्कं झालं. गोळ्या उशीखाली जाऊ लागल्या आणि म्हातारी पार खंगली.

नात शिवांजली विश्रामबागेतलं कॉलेज सोडून धावत आली.

"शिवे, खरं सांग. त्यो शब्द इखाचा हाय का मरणाचा?"

"ग्रीक शब्द हाय, आज्जी. 'डिस' म्हंजे बिघडलेलं, 'एंटेरॉन' म्हंजे आतडं. आपण आव म्हणतो, त्येच."

"ह्ये ग्रीक कोण? आपल्यात कशाला आलं हुतं?"

"ती न्हाई आली. शब्द तेवढा आला, डॉक्टरांच्या पुस्तकातनं."

"आन् इख?"

"इख न्हवं गं. घाण पाण्यानं हुतंय."

"मग सगळी एकाच चुलीवरचं खात्यात, एकच पाणी..." मनुबाई बोलता बोलता थांबली. पाणी एकच कुठं होतं? विहिरीच्या वरच्या अंगाला गोठा होता, पावसाळ्यात तिकडून सगळं खाली पाझरे. हे तिला आधीपासून ठाऊक होतं. तिला रडू आलं. साऱ्या जगावर पहारा केला आणि चोर उशाशी घेऊन झोपली.

तिनं उत्कर्षाला हाक मारून बाटली हातात दिली. "घास ही. आन् तुझ्या हातचं पाणी दे, गोळी घ्यायची हाय."

उत्कर्षानं तांब्याभांडं आणलं. भांड्यात पाणी ओतलं आणि आधी स्वतः एक घोट प्याली.

मनुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.