चार ओळींची हॉकी

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो सेतुराव सारांचा. आमच्या कुंभकोणमला शिक्षकाला 'सार' म्हणतात. सेतुराव सार शारीरिक शिक्षण शिकवायचे, हॉकी खेळवायचे आणि खिशात एक लाकडी फूटपट्टी बाळगायचे.

ती मुलांना मारायला नव्हती. शाळेआधी सार कॉफीच्या दुकानात बसत, वर्तमानपत्र मागच्या पानापासून उघडत आणि हॉकीच्या बातमीवर पट्टी ठेवत. मग साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "हॉकीस आज दीड इंच! त्या क्रिकेटवाल्याने केस कापिले, त्यास सात!"

"सार, कॉफी थंड होतेय," दुकानदार म्हणे.

"होऊ दे. माझे डोके तापिले आहे, तेवढे पुरे."

सारांचे घर आमच्यासारखेच, इकडे मराठ्यांचे राज्य होते तेव्हा आलेले. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात. बखर वाचल्यासारखे बोलता, म्हणतात. सारांना त्याचे काहीच वाटत नसे. "हसू दे रे. पुण्यात हॉकी छापितात काय, ते विचार त्यांस."

संपादकांना ते सारखी पत्रे लिहीत. एकच छापून आले. त्यातला हॉकीचा मजकूर गाळला होता आणि 'आपले वर्तमानपत्र मी नित्य वाचतो' एवढे एक वाक्य सारांच्या नावानिशी उरले होते. त्या दिवशी त्यांनी कॉफी घेतलीच नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाला एक काळा फळा टांगला आणि त्यावर खडूने हॉकीच्या बातम्या लिहायला सुरुवात केली. मुलींचे सामने, कनिष्ठ संघाचे सामने, कुठे कुठे शोधून आणलेले निकाल. भाजीला निघालेल्या बायका आणि रिक्षावाले थांबून वाचत.

त्या फळ्यावर मी लिहायला शिकलो. शनिवारचा सामना संपला की सार खडू माझ्या हातात देत. मी पहिल्यांदा लिहिले, 'आपल्या शाळेने दोन गोल केले.' त्यांनी ते बाहीने पुसले. "गोल कोणी केला ते सारेच लिहितात, माधवा. चेंडू तेथवर कोणी आणिला, ते लिही."

माझे अप्पा एका खाणावळीत स्वयंपाकी होते. त्यांना सहीपुरतेच लिहिता येई. कॉलेज म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते. माझा अर्ज सारांनी भरला आणि चेन्नईला सोडायलाही तेच आले. मी पदवीधर झालो, एका वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागात लागलो, तेव्हा त्यांनी दुकानात जाहीर केले, "आता आपला मनुष्य आत गेला! बघा आता."

आत काय चालते ते मी पाहिले. पदक मिळाले की तीन दिवस आम्ही हॉकीने पाने भरतो. मंत्र्यांचे फोटो, हारतुरे, राष्ट्रीय खेळाचा अभिमान. चौथ्या दिवशी त्या खेळाडूंची नावे विचारली तर आमच्याच विभागात कोणाला सांगता येत नाहीत. सामना कधी आहे ते आम्ही छापत नाही आणि मैदान रिकामे का, यावर मात्र लांबलचक लेख लिहितो. आमच्या विभागाचे साहेब म्हणतात, "लोकांना हॉकी नको असते." लोकांना तुम्ही दिली कधी? हे मी मनात म्हणतो. तोंडाने कधी म्हणालो नाही, आणि त्याचीच मला जास्त चीड येते.

यंदा सारांच्या शाळेतल्या मुलींच्या संघाने राज्याच्या शालेय स्पर्धेचा अंतिम सामना जिंकला. मधल्या फळीत खेळणारी सेल्वी जवळच्याच तिरुनागेश्वरम गावच्या एका रेशीम विणकराची मुलगी. तिला सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा मिळत होती, फक्त अर्जावर वडिलांची सही हवी होती. वडील तयार नव्हते. "सार, खेळून काय होतं? खरंच मोठं काही असतं तर पेपरात नाव आलं असतं."

"उद्या येईल," सार म्हणाले. "आमचा मनुष्य आहे तेथे. नाव बघा, मग सही करा."

"आलं तर करीन."

सारांनी मला फोनवर सामना सांगितला. मी तीस ओळी लिहिल्या, अकराही नावे घातली. तेवढ्यात एका क्रिकेटपटूच्या नव्या गाडीचा फोटो आला आणि साहेब म्हणाले, "तुझी हॉकी चार ओळींत बसव."

मी बसवली. सकाळी विणकरांच्या आळीत सगळ्यांनी मिळून पेपर उघडला. त्यात शाळेचे नाव होते, गोलसंख्या होती आणि बक्षीस देणाऱ्या प्रमुख पाहुण्यांचे नाव पदवीसकट होते. मुलीचे एकही नाव नव्हते.

सेल्वीच्या वडिलांनी पेपर सारांसमोर धरला. "खेळल्या मुली. मग नाव या गृहस्थाचं कसं? हा कुठे पळत होता?" आणि अर्ज परत दिला. सार पुन्हा दोनदा सायकलने तिरुनागेश्वरमला गेले. दोन्ही वेळा त्यांना कॉफी मिळाली, सही मिळाली नाही.

मग मला फोन आला. सार ओरडतच होते. "कोण्या गाढवाने कापिले रे? पोरीचे नाव कापून पाहुण्याचे राखिले! नाव सांग त्याचे, मी येऊन विचारितो!"

"इथे कोणीतरी... सार," मी म्हणालो.

"तू काय करशील बिचारा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

अर्जाची मुदत सोमवारी संपत होती. त्याआधीच्या बुधवारी मी त्यांना हे पत्र पाठवले.

*

सार, नमस्कार.

बातमी कोणी कापली, असे तुम्ही विचारलेत आणि मी 'कोणीतरी' म्हणालो. खोटे बोललो. मीच कापली. चार ओळी ठेव, एवढेच साहेब म्हणाले होते. कोणत्या चार, ते माझ्यावर सोडले होते. पाहुण्यांचे नाव राखायला मला कोणीही सांगितले नव्हते. येथे पाहुण्यांचे नाव राखायची सवय लागते, माझ्या हातालाही लागली आहे. अर्धे मिनिटही लागले नाही.

चूक झाली असे छापा, म्हणून काल साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "नाव नसणं ही चूक धरत नाहीत." प्रथमच त्यांच्याशी मोठ्याने भांडलो. उपयोग झाला नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. अकरा नावांची मूळ बातमी सोबत आणतो. आपण दोघे तिरुनागेश्वरमला जाऊ. तुम्हाला मला जे काही सुनवायचे असेल ते तेथे, सेल्वीच्या वडिलांसमोर सुनवा, जरासुद्धा हात राखू नका. त्यांना वाटते आहे की त्यांच्या मुलीचे नाव छापण्याजोगे नव्हते. ते होते, मी काढले, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकू द्या. सेल्वीलाही समोर बसवा.

तुमचा,
माधव