पिठातला ठ

"वाच की. नाव वाच आन् घेऊन जा."

मालकीणबाईंनी घागर ओट्यावर ठेवली. ठेवली कसली, आदळली. पितळी घागर. माझ्या आईची. आई ओट्याखाली उभी होती आणि मी तिचा पदर धरून. नऊ-दहा वर्षांची असेन. आम्ही नुकतेच कारखान्यावरून परतलो होतो, आईच्या हातावरचे उसाच्या पाचटाचे ओरखडे अजून ओले होते.

आमचं गाव आष्टी तालुक्यातलं. दसरा झाला की अर्धं रिकामं होतं. माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यातच परत येतात. घर म्हणजे चार पत्रे आणि एक कुलूप. त्या कुलपाच्या भरवशावर काय ठेवणार? म्हणून जाताना आम्ही चांगली भांडी गावातल्या मोठ्या जमीनवाल्या मालकाच्या घरी ठेवायचो. आंदणातले हंडे, ताटं, घागरी, सगळी त्यांच्या कोठीत. त्या राखणीच्या बदल्यात उन्हाळाभर त्यांच्याकडं भाकरी थापायला जायचं. लग्न असो, तेरावं असो, बोलावणं आलं की आम्ही चुलीपुढं. याला कोणी वेठ म्हणत नाही. माणुसकी म्हणतात.

त्या वर्षी मालकीणबाईंनी आईपुढं एक पोचे पडलेली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, घागर सरकवली. आई म्हणाली, "ही माझी न्हाई, बाई. माझी ती." आणि तिवईवरच्या पितळी घागरीकडं बोट दाखवलं. तेवढंच बोलली. वाद घालायची तिची टाप नव्हती.

"नाव वाच," हे त्यावरचं उत्तर होतं.

आमच्याकडं भांड्यावर नाव कोरतात. ठिपक्याठिपक्यांचं. हात फिरवला की बोटाला लागतं. ही घागर माझ्या मामानं आईच्या लग्नात कडा गावच्या बाजारातून आणलेली. नाव तिथंच कोरून घेतलं. मामाही अंगठेबहाद्दरच. कोरणाऱ्यानं त्याला सांगितलं आणि त्यानं आईचं बोट धरून घागरीच्या गळ्याखाली टेकवलं. ठमे, हितनं तुझं नाव सुरू व्हतं. हे आईनं मला कितीदा तरी सांगितलं होतं.

आईनं त्याच जागी बोट ठेवलं. थोडं फिरवलं.

"हितनं सुरू व्हतं," ती म्हणाली. "माझं नाव हितनं सुरू व्हतं."

"मग पुढं?" मालकीणबाई म्हणाल्या. "पुढं वाच की."

आईचं बोट तिथंच अडलं.

ओसरीवर मालकाकडं आलेली माणसं चहा पीत बसली होती. त्यांनी कप खाली ठेवले. असा तमाशा कोण सोडतं? मालकीणबाई वाकल्या, घागरीवर बोट ठेवून सावकाश मोठ्यानं म्हणाल्या, "सु-शी-ला-बाई. माझं नाव हाय. माझ्या म्हायेरचं भांडं हाय. ऐकलंस का?"

माणसं हसली. एकजण म्हणाला, "हिला काळं अक्षर म्हशीबरोबर, आन् नाव वाचाया निघाली." मागं दारात त्यांची नवी सून उभी होती. कॉलेज शिकलेली, अंगावरची हळदही गेली नव्हती. तिनं घागरीकडं पाहिलं, मग खाली पाहिलं आणि आत निघून गेली.

आईनं जर्मनची घागर उचलली. वाटेत ती झपाझप चालत होती. मी विचारलं, आई, ती आपली नव्हती का? ती म्हणाली, "चल बिगीबिगी." मला वाटलं, आईचंच चुकलं असेल. वाचणारी माणसं खोटं कशाला वाचतील? वाचता न येणाऱ्याला असंच वाटतं. कागदावरचं काय आणि भांड्यावरचं काय, अक्षर म्हणजे खरंच.

त्यानंतर आईला एक सवय लागली. भाकरीचं पीठ परातीत घेतलं की पाणी घालण्याआधी ती त्यात बोटानं एक खूण काढायची. वर छोटी दांडी, खाली गोल. मग पाणी घालून मळायची. रोज. कारखान्यावरच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीतही, पहाटे तोडीला जायची घाई असतानाही. मी विचारलं तर म्हणायची, "असंच." मला वाटलं देवाचं काहीतरी असेल. चुलीला घास टाकतात तसं.

आई गेली तेव्हा बीडच्या दवाखान्यात होती. ताप डोक्यात गेलेला, माणूस ओळखत नव्हती. पण उजव्या हाताचं बोट चादरीवर हलत होतं. दांडी, गोल. दांडी, गोल. नर्स म्हणाली, हात हलू देऊ नका, सलाईन निघेल. मी ते बोट माझ्या मुठीत धरून ठेवलं. मुठीतही ते हलत होतं. अजून हलतं. मी ऊस तोडत असते, मोळी बांधत असते आणि मधेच तळहाताला ते लागतं.

माझं लग्न गावातच झालं. आईचा कोयता मी घेतला, आईची चूल घेतली, आणि ती खूणही. पहिल्या भाकरीआधी पिठात दांडी आणि गोल. का, ते मला ठाऊक नव्हतं. आई काढायची म्हणून मी काढत होते.

मागल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी लेक तिसरीत. आम्ही तोडीला जातो तेव्हा ती मावशीकडं राहून शाळा करते. शाळेतल्या बाईंनी मुलांना सांगितलं होतं, घरातल्या एका माणसाला शिकवा. पुस्तक नको, घरात रोज जे हाताखाली असतं त्यावरून शिकवा. लेकीनं मला धरलं. मी म्हटलं, मला नाही जमायचं, भाकरी करू दे. ती परातीशी येऊन बसली. मी पिठात बोट फिरवलं.

"आई," ती म्हणाली, "तू ठ कावून काढती?"

"काय काढते?"

"ठ. हा बघ की. दांडी आन् गोल. तुला तर येतंय."

माझे हात पिठातच राहिले. ठ. ठमाबाई. हितनं सुरू व्हतं.

आईनं खोटं सांगितलं नव्हतं. तिला एवढं एकच अक्षर येत होतं आणि ते तिनं त्या दिवशी बरोबर वाचलं होतं. बोटानं. सगळ्यांसमोर. ती घागर तिचीच आहे हे तिला कळलं होतं, फक्त "पुढं" येत नव्हतं. आणि पुढचं येत नाही म्हणून जे येत होतं तेही लोकांनी हसण्यावारी नेलं. ते एक अक्षर हातातून जाऊ नये म्हणून ती मरेपर्यंत गिरवत राहिली. मी रडले नाही. मला राग आला. असा राग की तवा तापून लाल झाला तरी मी भाकरी टाकली नाही.

लेकीला म्हटलं, "पुढं शिकव."

चहाच्या पुड्यावरून शिकले. काडेपेटीवरून शिकले. एस.टी.च्या पाटीवरचं कडा आधी आलं, आष्टीनं लई छळलं. तोडीच्या हंगामात लेक जवळ नव्हती, तर ट्रकच्या मागं लिहिलेलं वाचलं. मोळ्या वाहताना ओठ हलत राहायचे. बायका म्हणायच्या, हिला लागीर झालं. झालंच होतं.

परत आलो तर मालकाच्या घरी नातीचा साखरपुडा. भाकरी थापायला बोलावणं. गेले. मुद्दाम गेले. स्वयंपाकघरात तिवईवर ती घागर होती, पाण्यानं भरलेली. मी गळ्याखाली बोट ठेवलं. तिथं सुशीलाबाई निघालं तर? मग माझ्या आईनं काय गिरवलं आयुष्यभर? बोट सरकवलं. दांडी, गोल. मग म ला काना. मग बाई.

"ठमाबाई," मी म्हणाले. पुन्हा मोठ्यानं म्हणाले. "ठमाबाई. माझ्या आईचं नाव हाय हे."

थापणाऱ्या बायकांचे हात थांबले. मालकीणबाई आता म्हाताऱ्या झालेल्या, काठी टेकत आल्या. "काय बी बरळू नगं. तुला कुठं वाचता येतंय? सूनबाई, वाच गं हे. सांग हिला."

सूनबाई पुढं आली. तीच, जी त्या दिवशी दारात होती. आता तिच्या लेकीचा साखरपुडा. ती घागरीवर वाकली.

"ठमाबाईच हाय, आत्याबाई," ती म्हणाली.

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी तिचे उपकार मानावेत असं त्यांना वाटलं असावं. मी मानले नाहीत. हे तिला तेव्हाही वाचता येत होतं.

"ने मग," मालकीणबाई म्हणाल्या. "एका घागरीसाठी शुभकार्यात अपशकुन."

मी घागरीतलं पाणी त्यांच्या मोरीत ओतलं. पिठाचे हात तसेच होते. घागर कमरेवर घेतली आणि पुढच्या दारानं, ओसरीवरच्या पाहुण्यांमधून बाहेर पडले.

घागर घरी आली म्हणून काही गोड झालं नाही. आई नाही. तिचं बोट अजून माझ्या मुठीत हलतं. घागर घासताना "मग पुढं?" ऐकू येतं, आणि मी एकटी असले तरी मोठ्यानं उत्तर देते.

आता संध्याकाळी आमच्या पत्र्यापुढं बायका येतात. हातात वही नसते, आपापलं भांडं असतं. कोणाची परात, कोणाचा हंडा. मी त्यांचं बोट धरून नावावर टेकवते. पण सुरुवातीवर सोडत नाही. शेवटच्या अक्षरापर्यंत नेते. थकलेल्या असतात, चिडतात, म्हणतात, उद्या बघू. मी उठू देत नाही.

मालकीणबाईंचा निरोप आलाय, दसरा जवळ आला, भांडी आणून ठेवा. माझं भांडं त्या कोठीत जाणार नाही. ज्यांची जायची त्यांची जातील, पण आपलं नाव आपल्या तोंडानं वाचल्याशिवाय एकीचंही भांडं मी या आळीतून हलू देणार नाही. आणि त्या घरच्या चुलीपुढं माझे हात पुन्हा बसणार नाहीत, लेकीचे तर कधीच नाहीत.

पिठात मी आता नुसता ठ काढत नाही. अख्खं नाव काढते. मग पाणी घालते.