घरनं शे, खाई ले

तो पक्षी आमच्या घरी आला तो दुसऱ्याच्या बदलीमुळे. आमच्या ह्यांच्या कचेरीतल्या एका मित्राची बदली झाली, सगळं सामान ट्रकमध्ये चढलं आणि पिंजरा तेवढा ओट्यावर राहिला. "वहिनी, जोडीतली मादी गेली, हा एकटाच उरलाय. तुमच्याकडे राहील सुखात," असं म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला. खरा तो छोटा पोपट, पण तेव्हा जळगावात ह्या पाखरांना सगळे लव्हबर्डच म्हणत. हिरवा-पिवळा, चिमणीएवढा, पण चेहऱ्यावर मामलेदाराचा रुबाब. आम्ही त्याला नाव ठेवलं नाही, नावं मात्र मी पहिल्या आठवड्यातच भरपूर ठेवली. सगळ्या ओसरीभर दाण्यांची टरफलं उडवायचा आणि ती झाडायला मी.

त्याच्या आधी थोडेच दिवस माझे सासरे, आबा, आमच्याकडे राहायला आले होते. पिंपळनेरच्या पलीकडे त्यांचं गाव. सासूबाई गेल्यावर तिथे त्यांना एकटं कसं ठेवायचं म्हणून आम्ही त्यांना घेऊन आलो. बैलजोडी विकली, शेत भाऊबंदांना वाट्याने लावलं. आबा आले खरे, पण पाहुण्यासारखे. पिशवी कपाटात ठेवायची सोडून खुंटीला टांगलेली. ताटात पडेल ते खात, वरून काही मागत नसत. मी आग्रह केला की म्हणत, "तुमना घरमा काय कमी शे माय!" त्या 'तुमना'चा मला राग यायचा. मी धुळ्याची, तोंडाने फटकळ. पण सासऱ्यांना काय बोलणार?

हे फिरतीवर असायचे, मी एका सरकारी कचेरीत टायपिस्ट. दिवसभर घरात आबा आणि तो पक्षी. आबा त्याला 'भाऊ' म्हणत. मी बाहेर पडताना आबा पिंजऱ्यापाशी पाट मांडून बसलेले असत आणि संध्याकाळी परतले तरी तिथेच. चला, दोघांना एकमेकांची सोबत झाली, असं वाटून मला बरं वाटलं होतं.

आणि पक्षी आजारी पडला. पिसं फुगवून, मान पाठीत खुपसून कोपऱ्यात बसलेला. पिंजऱ्याच्या तळाशी घातलेल्या कागदावर हिरवं पाणी. शेपटीखालची पिसं चिकटलेली. मी कोमट पाण्याने पुसायला गेले तर एवढासा जीव, पण चावला कडकडून. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर भले माणूस होते. पिंजरा टेबलावर ठेवला तेव्हा बाहेर एक म्हैस बांधलेली होती. "माझ्याकडे हे असलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच," ते हसून म्हणाले. पण त्यांनी पुस्तक काढून पाहिलं, पाण्यात टाकायचं औषध दिलं, ऊब द्यायला सांगितलं आणि निघताना बजावलं, "दाणा आणि उकळून गार केलेलं पाणी. बाहेरचं काही देऊ नका."

मी रजा टाकली. पिंजऱ्याला जुनं लुगडं गुंडाळलं, आत चाळीसचा बल्ब सोडला आणि त्याच्यासमोर ठाण मांडून बसले. दोनेक दिवसांत गडी दाणे टिपायला लागला. मी निर्धास्त होऊन कामावर गेले. आठवडा होतो न होतो तोच पुन्हा तेच हिरवं पाणी.

मग हे चक्रच सुरू झालं. मी रजेवर असले की पक्षी ठणठणीत. मी कामावर जाऊ लागले की त्याचं पोट बिघडलंच. कचेरीतले साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या पाखराला कचेरीची नजर लागते की काय?" मी दाण्याचं दुकान बदललं. दाणा धुऊन, वाळवून, निवडून घालायला लागले. पाण्याची वाटी रोज चिंचेने घासली. सकाळी उठून वर्तमानपत्र वाचायच्या आधी पिंजऱ्यातला कागद वाचायची सवय मला लागली. ह्यांच्यावर संशय घेतला, शेजारणीवर घेतला. एकदा आबांनाही विचारलं, "आबा, याला बाहेरचं काही देत नाही ना कुणी?"

आबा दुखावल्यासारखे झाले. "नही माय. बाहेरनं काहीच नही दिधं. डॉक्टरनी सांगेल शे ना!"

आबा खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. विषय मिटला.

त्या साली पोळा आला तेव्हा आबांची फार घालमेल झाली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या दारात बैल नव्हता. मी खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या. आबा ताटावर बसले, पहिला घास हातात घेतला आणि तो धरूनच किती तरी वेळ दाराकडे पाहत राहिले. गावाकडे आबा बैलांना घास दिल्याखेरीज स्वतः जेवत नसत, हे मला ह्यांनी सांगितलेलं होतं. मी तूप आणायच्या निमित्ताने आत गेले.

दुसऱ्या दिवशी पक्षी दांडीवरून खाली पडला. डोळे मिटलेले, चोच उघडी. ओंजळीत घेतला तर वजनच लागेना. मी रडले, अगदी हमसाहमशी. ज्या पक्ष्याला मी उठल्यासुटल्या शिव्या देत होते तो मला हवा होता, हे मला त्या दिवशी कळलं. आबा भिंतीला टेकून उभे होते, त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. डॉक्टरांनी ड्रॉपरने साखर-मिठाचं पाणी पाजायला शिकवलं. मी पुन्हा रजा टाकली, थेंब थेंब पाजत राहिले. गडी पुन्हा एकदा उभा राहिला.

चांगला बरा झाला, पिंजऱ्यातल्या आरशाशी गुलूगुलू बोलायला लागला, तेव्हाची गोष्ट. रविवार होता. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. ओसरीवरून घोगरा आवाज आला, "घरनं शे, खाई ले."

म्हटलं, 'घरचं आहे, खाऊन घे' म्हणणारं आबांकडे कोण आलंय? बाहेर डोकावले. ओसरीवर कुणी नाही. आबा तर मघाशीच देवळात गेले होते. तेवढ्यात पुन्हा, जरा घाईघाईत, "खाई ले भाऊ, घरनं शे, घरनं शे." आरशापुढे मान डोलावत पक्षी बोलत होता. हुबेहूब आबा! शेवटचं अक्षर लांबवायची लकबसुद्धा तीच.

मी पिठाच्या हातांनी तिथेच पाटावर बसले. आधी हसू आलं, मग सगळा उलगडा झाला आणि मग संताप आला.

आबा देवळातून आले तसं मी विचारलं, "आबा, भाऊला तुम्ही काय खायला देता?"

"दूध-भाकर," आबा सहज म्हणाले. "माना ताटमातला पहिला घास. पोट बिघडनं का जरा जास्ती दूधमा कालवस, नरम. पोळाले पुरण दिधं जराखं."

"अहो, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं ना!"

"बाहेरनं दिऊ नका, सांगं होतं. बाहेरनं कोठे दिधं माय? बठ्ठं घरनं शे."

मी घरात असले की पाखराचं खाणंपिणं मीच बघायची, म्हणून आबांचा घास कधी माझ्या नजरेला पडला नव्हता. आबांनी डॉक्टरांचा शब्द अक्षरशः पाळला होता. हॉटेलातलं, गाडीवरचं, दुकानातलं काही म्हणून पाखराला शिवू दिलं नव्हतं. माझा पारा चढला होता तरी मी आवाज खाली ठेवला. म्हटलं, "आबा, दूध त्याला पचत नाही. पाखरं काही आईचं दूध पिऊन वाढत नाहीत."

आबा पिंजऱ्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "खरं शे. पाखरूनी माय कोठे दूध पाजस!" आयुष्यभर जनावरं सांभाळलेला माणूस, एवढी साधी गोष्ट आपल्या लक्षात कशी आली नाही म्हणून स्वतःवरच चिडला होता. त्या दिवशी त्यांनी पाट उचलून पार दुसऱ्या भिंतीशी नेला. जेवले नाहीत. पक्षी "घरनं शे" म्हणाला की मान फिरवत. संध्याकाळी खुंटीवरची पिशवी खाली उतरली.

"मी उद्या गावले जास," ते म्हणाले. "माना हातनं खाईसन मरी जाई ते."

पाखरू वाचलं होतं आणि आता आबाच चालले होते. ते गेले तर परत यायचे नाहीत, हे मला दिसत होतं. त्या रिकाम्या घरात स्वतःच्या हाताने चूल पेटवत बसले असते. समजूत घालणं मला जमत नाही. माझं बोलणं सगळं कामाचं. सकाळी स्टँडवर धुळ्याच्या गाडीत त्यांना बसवताना मी खिडकीतून म्हटलं, "आबा, बाजरी निघाली असेल ना? येताना चांगली भरलेली कणसं आणा. याला बाजारातला दाणा सोसत नाही. घरचाच पाहिजे." आबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. गाडी हलली.

पक्ष्याचं पोट उत्तम राहिलं. माझा मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. पक्षी खात होता, पीत होता, पण एक अक्षर बोलत नव्हता. दारात सायकल वाजली की मान वर करायचा. मी त्याच्याशी बोलून पाहिलं, "घरनं शे" म्हणूनही पाहिलं. त्याने तिरक्या डोळ्याने माझ्याकडे असं पाहिलं, की माझी अहिराणी मला कळली.

दसरा झाल्यावर एके दुपारी मी घरीच होते, तर फाटक वाजलं. आबा. काखेत धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. मी पाणी दिलं. त्यांनी गाठोडं सोडलं, बाजरीची कणसं निवडून एक माझ्या हातात दिलं. स्वतः पिंजऱ्यापासून चार हात लांब, हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"तुम्हीच बांधा आबा," मी म्हटलं. "हे त्याला चालतं. डॉक्टरांना विचारलंय मी."

आबांनी पुढे होऊन सुतळीने कणीस दांडीला बांधलं. पुटपुटले, "कसा शे रे भाऊ?" आणि पुन्हा मागे सरकले. पक्षी बाजूबाजूने सरकत आला, कणसावर चढला, एक दाणा फोडला, दुसरा फोडला. मग कणसाला उलटा लटकून त्याने खणखणीत आवाजात सांगितलं, "घरनं शे, खाई ले."

आबा हसले. आमच्या घरी आल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पंच्याने तोंड पुसलं, पाट उचलला, पिंजऱ्याखाली मांडला आणि त्यावर बसले.

"वाढ माय," आबा म्हणाले. "माले बी भूक लागनी."